सीईटीपासून पहिल्या वकीलपत्रापर्यंत: कायदा शिकायला निघालेल्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत आमच्या तालुक्याच्या बार रूममध्ये कुणी ना कुणी पालक मुलाला किंवा मुलीला घेऊन येतात. "मॅडम, ही वकील व्हायचं म्हणतेय. कसं काय करायचं?" पुढचे प्रश्नही ठरलेले. मराठी माध्यमातून शिकलीय, जमेल का? घरात कुणी वकील नाही, चालेल का? हातात पैसे कधी यायला लागतात? प्रत्येकाला जे तोंडी सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते. मी मराठी शाळेतूनच आले, आमच्या घरात माझ्याआधी कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं, आणि गेली बारा वर्षं दिवाणी-फौजदारी दोन्ही कामं करते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे. कायदा दोन ठिकाणी शिकायला मिळतो: बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ पुस्तकात, आणि केसच्या फाईलमध्ये. गाईड, नोट्स, प्रश्नसंच यांनी परीक्षा सुटतात, पण पुढे अशिलासमोर बसल्यावर त्यातलं फारसं काही आठवत नाही.

तीन वर्षं की पाच वर्षं

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोघांना एकच मिळते आणि कोर्टात कुणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या वाटेने आलात. बारावीलाच मन पक्कं असेल तर पाच वर्षांचा घ्या, एक वर्ष वाचतं. मन पक्कं नसेल तर आधी पदवी करा. बी.कॉम. झालेल्याला कराची आणि कंपनीची कामं सोपी जातात. शेतीची पदवी घेतलेला माणूस जमिनीच्या दाव्यात मोजणी नकाशा वाचताना अडखळत नाही. आधीचं शिक्षण वाया जात नाही, हे मी माझ्याच बारमध्ये पाहते आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे बारावीला किंवा पदवीला, जे लागू असेल त्यात, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. दहावी, बारावी, पदवी अशी साखळी सलग असावी लागते. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर तिच्यावर प्रवेश मिळत नाही. आणि घरबसल्या, पत्राद्वारे एलएल.बी. करून देतो असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. वर्गात बसून केलेल्या नियमित अभ्यासक्रमावरच सनद मिळते. या एका चुकीपायी पैसे आणि वर्षं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रवेश परीक्षा आणि कागदपत्रं

महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी सेलची विधी सीईटी द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. विधी अभियोग्यता, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, तर्कक्षमता, इंग्रजी असे भाग असतात. विधी अभियोग्यतेत एक नियम देतात, एक प्रसंग देतात आणि विचारतात, आता काय? तिथे आपल्याला योग्य काय वाटतं ते बाजूला ठेवायचं आणि दिलेला नियम त्या प्रसंगाला लावायचा. पुढे आयुष्यभर हेच करायचं आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. ती इंग्रजीतून असते आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठं आहेत. तिथून मोठ्या फर्ममध्ये जायची वाट जवळची पडते, फी मात्र जास्त आहे. घरच्यांशी आकड्यांसह बोलून ठरवा.

परीक्षेपेक्षा जास्त मुलं कागदपत्रांत अडकतात. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. यातलं वैधता प्रमाणपत्र वेळखाऊ आहे. सीईटीचा फॉर्म भरायच्याही आधी, अकरावी-बारावीतच त्याचा अर्ज करा. निकालानंतर धावपळ केली की आरक्षणाची हक्काची जागा हातची जाते.

कॉलेज निवडताना मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (१८५५), पुण्याचं आयएलएस (१९२४), कोल्हापूरचं शहाजी विधी महाविद्यालय (१९३३) ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मुंबईच्या त्या कॉलेजात बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते, हे तिथल्या पायऱ्या चढताना आठवलं की अंगावर काटा येतो. पण प्रत्येकाला तिथे जागा मिळत नाही आणि न मिळाल्याने काही बिघडत नाही. मी तीन गोष्टी बघायला सांगते. त्या वर्षासाठी बार कौन्सिलची मान्यता आहे का, ग्रंथालय खरंच उघडं असतं का, आणि जिल्हा न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे का. तिसरी गोष्ट कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, पण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी.

कलम कसं वाचायचं

पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एक बेअर ॲक्ट विकत घ्या. भारतीय न्याय संहितेपासून सुरुवात करा. आता एक कलम सोबत वाचू, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

कलम ३०३, चोरी. आपल्याला वाटतं, दुसऱ्याची वस्तू नेली की चोरी. कलम काय म्हणतं? कोणाच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे नेण्याच्या इराद्याने जो ती हलवतो, तो चोरी करतो. पेन्सिल घ्या आणि एकेका शब्दाखाली रेघ मारा. ताबा. संमती नाही. जंगम मालमत्ता. अप्रामाणिक इरादा. हलवणं. पाचही सिद्ध झाले तर चोरी, एक जरी गळाला तर नाही.

"मालकी" हा शब्द तिथे नाही, "ताबा" आहे. म्हणून स्वतःच्या वस्तूचीही चोरी होऊ शकते. कलमाखालच्या उदाहरणांत घड्याळजीची गोष्ट आहे. तुम्ही घड्याळ दुरुस्तीला दिलं, मजुरी दिली नाही, आणि मजुरीपोटी त्याने ते कायदेशीरपणे अडवून ठेवलंय. त्याचं तारण बुडवायच्या इराद्याने तुम्ही ते उचलून आणलंत, तर घड्याळ तुमचं असूनही चोरी तुमची. काहीही देणं लागत नसताना तेच घड्याळ उघडपणे हिसकावून आणलंत, तर दुसरे गुन्हे होतील, पण चोरी होणार नाही, कारण अप्रामाणिक इरादा नाही.

आता "जंगम". बांधावरचं सागाचं झाड उभं आहे तोवर ते जमिनीला जोडलेलं, म्हणून त्याची चोरी होत नाही. नेण्याच्या इराद्याने कुऱ्हाड घातली आणि ते जमिनीपासून सुटलं, त्या क्षणी चोरी झाली. बांधावरच्या झाडावरून होणाऱ्या फिर्यादी आमच्या तालुक्यात नेहमीच्या आहेत आणि वकिलाचं अर्धं काम या दोन ओळींत आहे.

दिवसाला एक कलम असं वाचा. त्याखालची स्पष्टीकरणं, उदाहरणं आणि अपवाद सोडू नका. व्याख्या बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीलाच असतात. "अप्रामाणिकपणे" म्हणजे काय ते तिथेच लिहिलेलं आहे, आपण मनाने ठरवायचं नाही.

आजच्या विद्यार्थ्यांना एक जादा काम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. खुनाचं कलम ३०२ होतं ते १०३ झालं. पत्नीच्या पोटगीचं १२५ आता १४४ आहे. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंड कायदा लागतो आणि असे खटले कोर्टांत अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत. म्हणून दोन्ही पुस्तकं जवळ ठेवा आणि फिर्याद हातात आली की आधी गुन्ह्याची तारीख बघा.

इंग्रजीचं काय

भीती खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, निकाल इंग्रजीत येतात, ते वाचता आलेच पाहिजेत. पण खालच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, फिर्याद मराठीत असते, सातबारा आणि फेरफार मराठीत असतात. उलटतपासात साक्षीदाराच्या बोलीतला एक शब्द पकडता येणं ही फार मोठी ताकद आहे. "आमची वहिवाट हाय" (म्हणजे ताबा-वापर आमचा) आणि "आमचं जाणं-येणं हाय" यांत दाव्याचा निकाल फिरण्याइतका फरक असतो.

इंग्रजीसाठी माझा उपाय असा: सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. एक निकाल घ्या, इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी ठेवा, रोज एक पान. अडलेला शब्द वहीत लिहा, वाक्यासकट. वर्षभरात निकालांची इंग्रजी अंगवळणी पडते, कारण ती ठरावीक वळणाची असते. आणि मराठी टायपिंग शिका. याला कुणी अभ्यास म्हणत नाही, पण ज्या ज्युनिअरला कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, स्वतः टाईप करता येते त्याला सिनिअर लवकर कामाला लावतात.

कोर्टात जायला सनद लागत नाही

कोर्ट उघडं असतं. बंद दाराआड चालणारी काही प्रकरणं सोडली तर कुणीही नागरिक मागच्या बाकावर बसून कामकाज पाहू शकतो. विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं. महिन्यातले दोन दिवस ठरवा, साधे नेटके कपडे घाला, फोन बंद करा आणि अकराच्या आत जाऊन बसा.

सुरुवातीला काही कळणार नाही. पट्टेवाला पुकारा करेल, कुणी "से" द्यायला मुदत मागेल, कुणी पुरशिस देईल, न्यायाधीश साहेब दोन शब्द बोलतील आणि पुढची तारीख पडेल. हे सगळं वहीत लिहा आणि दुपारच्या सुट्टीत एखाद्या वकिलाला विचारा. "से" म्हणजे समोरच्याच्या अर्जावरचं आपलं म्हणणं. पुरशिस म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारा छोटा कागद, उदाहरणार्थ "आम्हांस आणखी साक्षीदार तपासावयाचे नाहीत." त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात लिहिलं जातं. नीट विचारलंत तर सांगायला कुणी ना कुणी तयार होतं.

अभ्यासक्रमातही हे आहे. मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद, अशिलाची मुलाखत, या सगळ्याला गुण असतात. शिवाय तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला एकूण १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, एका वर्षात सलग ४ आठवड्यांहून जास्त नाही. बरीच मुलं मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढतात. मनापासून सांगते, असं करू नका. कुणीही ओरडणार नाही अशा वयात चुका करत शिकायची ही एकच संधी असते.

इंटर्नशिपमध्ये झेरॉक्स काढत बसण्यापेक्षा सिनिअरकडे एक निकाली निघालेली दिवाणी फाईल मागा. आधी फक्त दावा आणि कैफियत वाचा, मग फाईल मिटा. वादी काय म्हणतो आणि प्रतिवादी काय नाकारतो, यावरून वादाचे मुद्दे स्वतः काढा. "वादी दावा मिळकतीवर त्याची कायदेशीर वहिवाट सिद्ध करतो काय?" असे. चार-पाच निघतील. मग कोर्टाने काढलेले मुद्दे उघडून ताडून बघा. तुमचा कुठला सुटला? का सुटला? त्यानंतर सरतपासाचं शपथपत्र (साक्षीदाराने स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष), उलटतपास, निशाणी पडलेले, म्हणजे पुराव्यात क्रमांक मिळालेले, कागद आणि शेवटी निकाल. एका मुद्द्याचं उत्तर "नकारार्थी" का आलं, याचा माग कागदांतून मागे-मागे काढत जा. अशा दहा फाईली वाचलेला विद्यार्थी पहिल्या दिवशीच वेगळा कळून येतो.

सनद आणि एआयबीई

पदवी झाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची. गोव्यातल्या मुलांनाही हीच. नोंदणी शुल्क ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये ठरलेलं आहे, एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, आणि मुद्रांक शुल्क वेगळं. पूर्वी राज्याराज्यांत वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की कायद्यात आहे त्याहून जास्त घेता येणार नाही. गरीब घरातल्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजेच एआयबीई. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, मराठीतूनही देता येते, खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. टिपणं नसलेले बेअर ॲक्ट सोबत नेता येतात. वर सांगितल्यासारखं वाचन केलं असेल तर कलम कुठे आहे ते हाताला माहीत असतं. नसेल तर पुस्तक समोर असूनही वेळ पुरत नाही.

सिनिअर कसा निवडावा

ज्याच्याकडे गर्दी जास्त तो चांगला सिनिअर, असं नाही. आधीचे ज्युनिअर आज काय करतात ते विचारा. पाच-सहा वर्षांत ते स्वतःच्या पायावर उभे राहिले असतील तर तिथे शिकवतात. मुलींनी आणखी एक पाहावं: त्या ऑफिसात मुली टिकल्या आहेत का, आणि त्या काय सांगतात. अवघडल्यासारखं वाटलं तर ऑफिस बदला. त्याने करिअर संपत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. पहिली दोन-तीन वर्षं तंगीची असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी सूचना काढली, पण ती बंधनकारक नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी एवढे मिळत नाहीत. घरात हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वर्षी "काय उपयोग झाला शिकून" हे ऐकावं लागत नाही.

या काळात एक सवय लावा: डायरी आणि मुदत. मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक दुकानदार न वटलेला चेक घेऊन आले. चेक ३ मार्चचा. ते ऑफिसला १२ एप्रिलला आले, मी तीच तारीख धरून तीस दिवस मोजले आणि ९ मे ला नोटीस पाठवली. साहेबांनी, म्हणजे माझ्या सिनिअरनी, फाईल पाहिली. "अगं, बँकेचा मेमो त्यांच्या हातात कधी पडला, विचारलंस का?" ५ एप्रिलला पडला होता. न वटलेल्या चेकसाठीची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची नोटीस चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. फिर्यादीला उशीर झाला तर कोर्ट तो माफ करू शकतं, नोटिशीचा उशीर माफ होत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, त्या माणसाचे दोन लाख माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नात अडकले होते. साहेबांनीच मार्ग काढला. चेकची तीन महिन्यांची मुदत अजून संपली नव्हती, तो पुन्हा बँकेत भरायला लावला, २२ मे ला पुन्हा परत आला, आणि २६ मे ला नवी नोटीस गेली. तेव्हापासून अशील समोर बसला की मी आधी तारखा विचारते, मग हकीकत. तुम्हीही तसंच करा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी (जेएमएफसी) या पदाची परीक्षा एमपीएससी घेते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि तो काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जाईल असं सांगितलं. म्हणून पदवी झाल्यावर सनद लांबणीवर टाकू नका आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. क्लास लावून घरी बसण्यापेक्षा सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी अभ्यास, असं केलेल्यांची उत्तरं वेगळी दिसतात. सरकारी वकील, बँकांचे विधी अधिकारी, कंपन्या, अध्यापन या वाटाही आहेत. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरलीत तर मात्र वकिली चालू ठेवता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते.

पहिलं वकीलपत्र

एक दिवस कुणीतरी तुमच्या नावाने येईल. बहुधा गावातलं, ओळखीतलं, फी द्यायला बिचकणारं. वकीलपत्रावर, म्हणजे तुम्हाला आपला वकील नेमल्याच्या कागदावर, त्यांची सही घेण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा. कोर्ट फी स्टॅम्प आणि वकील कल्याण निधीचं तिकीट लावा. फी किती आणि कधी द्यायची ते त्याच दिवशी बोला, संकोचाने पुढे ढकलू नका. मूळ कागद ठेवून घेऊ नका. पाहून, झेरॉक्स काढून परत द्या, आणि कोर्टात दाखल करण्यासाठी ठेवावेच लागले तर यादी करून पोच लिहून द्या. त्यांचा सातबारा, त्यांचं खरेदीखत, कधीकधी घरातला एकमेव कागद असतो तो. दर तारखेला काय झालं ते त्याच संध्याकाळी फोन करून कळवा, काही झालं नसेल तरी.